बर्फावर गेलेला माझा स्वेटर

मंडळी, आज इंदापुरात मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. मी न जेवताच परतलो.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं एकाच साखर कारखान्यात होतो. स्वित्झर्लंडला तळ्याकाठी राहायचं, बर्फावर स्कीइंग करायचं, असा बेत वर्षभर रंगवला. बांबूच्या पट्ट्या पायाला बांधून उसाच्या भुशाच्या ढिगावर सरावसुद्धा केला! मग एकदा तो म्हणाला, "गड्या, आपल्याला व्हिसा मिळत न्हाय."

आज त्याची बायको पाहुण्यांना जुना अल्बम दाखवत होती. एका फोटोत हा स्वतः, मागं स्वित्झर्लंडचं तळं, पायात स्की आणि अंगात माझ्या आईनं विणलेला लाल स्वेटर. "महाबळेश्वरला चाललोय" म्हणून मागून नेलेला!

"आरं, टूरवाल्याकडं एकच जागा हुती," तो म्हणाला.

तेव्हाच सांगितलं असतं, तर स्वेटर मीच घडी करून दिला असता.

तुम्ही जेवला असता का हो?