मामांच्या झाडांचा नंबर

मामा गेले त्या दिवशी त्यांच्या वखारीत लाकूड नव्हतं.

पनवेलमध्ये गिऱ्हाईक हाकलून लावत जळाऊ लाकडाचा धंदा करणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस झाला नाही, आणि असा धंदा करूनही माणूस उपाशी मरत नाही हे दाखवायलाच ते जन्माला आले असावेत. वखारीत पाय ठेवला की आधी प्रश्न यायचा, "शिजवायचं काय?" उत्तर पसंत पडलं तर ते दोन ढलप्या उचलायचे, गिऱ्हाइकाच्या कानापाशी एकमेकींवर आपटायचे आणि म्हणायचे, "ऐका. खणखणतंय. ओलं लाकूड नुसतं पुटपुटतं." गिऱ्हाईक घाबरून मान हलवायचं. नव्या वसाहतीतलं एक जोडपं एकदा गच्चीवरच्या पार्टीसाठी लाकूड मागायला आलं. पनीर भाजायचं आहे असं कळल्यावर मामांनी हातातला धावड्याचा तुकडा परत थप्पीवर ठेवला. "एवढी वर्षं तो पनीरसाठी नाही वाढला. तुम्ही करवंट्या जाळा." घरी मात्र मामांचा चहासुद्धा गॅसवर व्हायचा. "धूर विकायचा तर विका, माझ्या भिंतींना दाखवू नका," हा मामीचा कायदा होता आणि तो मामा निमूट पाळत. सुट्टीत मी वखारीत पुस्तक घेऊन बसायचो, तेव्हा जाता-येता टपली मारून म्हणत, "वाच, वाच. तूही लाकडावरच जगतोस."

त्यांचा खरा जीव होता डोंगराच्या उतारावरच्या आपल्या माळात. चुना फासलेले दगड रोवून त्यांनी माळाचे तुकडे पाडले होते. दर हिवाळ्यात एकाच तुकड्यातली झाडं तोडायची, तीही गुडघ्याएवढा बुंधा राखून. बुंध्यांना धुमारे फुटून त्यांची पुन्हा झाडं होईपर्यंत बाकीच्या तुकड्यांवर धंदा चालायचा. मामा याला 'नंबर' म्हणत, आणि झाडंही दवाखान्यातल्या पेशंटसारखी आपापला नंबर धरून उभी असत. यंदाच्या तुकड्याचं लाकूड संपलं की वखार रिकामी. मग देव आला असता तरी त्याला पुढच्या हिवाळ्यात या म्हणून सांगितलं असतं. लग्नांत बिर्याणीच्या देगा चढवणारे एक कोकणी मुसलमान चाचा हे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. मामांनी जन्मात बिर्याणी चाखली नव्हती, पण दम कोणत्या लाकडावर बसतो यावर ते चाचांना व्याख्यान देत. चाचांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न नेमकं वखार रिकामी असताना निघालं.

"निकाह पुढच्या वर्षी ठेवा," मामा म्हणाले.

"मामा, मुलगी माझी, आणि तारीख तुमची झाडं ठरवणार?"

"मग माणसं कमी बोलवा."

चाचा तणतणत गेले. मात्र त्यानंतर ते दर हिवाळ्यात पुढचं लाकूड आधीच नेऊन ताडपत्रीखाली ठेवू लागले.

विमानतळाची बातमी आल्यापासून एजंटांनाही माळ आवडायला लागला. त्यांतला एक फार चिवट होता. "मामा, ही झाडी काढा, प्लॉट पाडा. मातीचं सोनं होईल." मामांनी शांतपणे विचारलं, "सोनं पेटतं का?"

मामा गेले ते पावसाळ्यात. स्मशानातलं लाकूड भिजलेलं. कोणीतरी म्हणालं, माळावरची दोन झाडं पाडू, डिझेल ओतलं की पेटतील. आम्ही सगळे मामीकडे बघू लागलो. ती मामांच्या उशाशी बसली होती. डोळे पुसून ती म्हणाली, "नंबर यांचा लागलाय. झाडांचा नाही."

कुऱ्हाड आणायला उठलेला माणूस परत खाली बसला. एवढ्यात दारात टेम्पो थांबला. चाचांनी एका लग्नासाठी राखलेलं सगळं लाकूड आणलं होतं. ते दोन ढलप्या घेऊन आत आले, मामांच्या कानाशी वाकले आणि त्यांनी त्या एकमेकींवर आपटल्या. "ऐका मामा. तुमचंच आहे." मग मला म्हणाले, "चल, उतरवून घे. भिजवू नको, नाहीतर उठून शिव्या देतील." अशा रीतीने कांदासुद्धा बेताने खाणारे आमचे मामा बिर्याणीच्या लाकडावर गेले. ते लग्न चाचांनी गॅसवर काढलं, आणि दम बसला नाही म्हणून ते अजूनही मामांनाच बोल लावतात.

तेराव्याला तो चिवट एजंट पांढऱ्या कपड्यांत आला, आमच्यापेक्षा जास्त रडला आणि हळूच माळाचं विचारू लागला. मामीने त्याला पानावर बसवलं, जिलबी वाढली आणि विचारलं, "शिजवायचं काय?" त्याला काहीच कळलं नाही. "मग माळ नाही मिळायचा," ती म्हणाली आणि भात आणायला वळली.

वखारीची जागा भाड्याची होती. तिथे आता मोटारी उभ्या असतात. माळ आहे. हिवाळ्यात चाचा मजूर घेऊन जातात, एक तुकडा तोडतात, बुंधे गुडघ्याएवढे ठेवतात. दगडांना चुना मामी लावते. गेल्या हिवाळ्यातल्या बुंध्यांना धुमारे आले आहेत.