देवरीची विहीण आणि इटलीचा राखणदार

इटलीतल्या त्या गोलकीपरच्या सख्ख्या आईनं त्याची जेवढी काळजी केली नसेल, तेवढी माझ्या विहीणबाईंनी देवरीत बसून केली आहे, आणि हे मी पैजेवर सांगते. त्याचा खांदा कधी निखळला, गुडघ्याला पट्टी कोणत्या वर्षी आली, कोणत्या क्लबानं त्याला उचलला नि कोणत्यानं टाकला, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या जावयाचा, म्हणजे माझ्या मुलाचा, वाढदिवस त्या दरवर्षी विसरतात. गोलकीपरचं नाव मात्र त्यांनी आजवर एकदाही घेतलं नाही, कारण त्यांची जीभ त्या नावाभोवती वळतच नाही. त्या त्याला राखणदार म्हणतात. आता आमच्या घरात सगळेच म्हणतात.

सुरुवात झाली सतरा वर्षांपूर्वी, त्यांच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, बाळंतपणात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण चांगला दवाखाना गोंदियात, म्हणून माहेरच गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरच्या घरी मुक्कामाला आलं. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू तुम्हाला. मॅट्रिक पास, घरात नवा सोफा, आणि बोलणं असं की जणू रेडिओवर बातम्याच देते आहे. विहीणबाई सोफा सोडून खाली सतरंजीवर बसल्या, तर मला इतकी लाज वाटली की मी शेजारणीला सांगितलं, त्यांची कंबर धरली आहे म्हणून. त्यांची कंबर ठणठणीत होती. फुगलं होतं ते माझं नाक. टीव्हीवर मुलानं फुटबॉल लावला होता. विहीणबाई बराच वेळ टक लावून बसल्या आणि शेवटी कळवळून म्हणाल्या, "तो पोट्टा एकटाच काऊन उभा आहे? त्याले कोणी खेळाले घेत नाही का?"

मी पदर तोंडाला लावून हसले. मुलानं समजावलं की तो गोलकीपर आहे, जाळीत चेंडू जाऊ द्यायचा नाही एवढंच त्याचं काम. ते ऐकून विहीणबाईंचा चेहरा जो खुलला! त्यांचं सगळं लहानपण जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांधीत मचाणावर गेलं होतं, रानडुकरं हाकलण्यात. "मंग त हा राखणदार आहे," त्या म्हणाल्या, आणि नातं जुळलं ते जुळलंच. राखणदार तेव्हा एकवीस वर्षांचा, त्याची मोठ्या मैदानावरची ती पहिलीच मॅच, आणि त्यानं त्या दुपारी चार गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी नात झाली. विहीणबाईंनी मीठ-मिरच्यांनी नातीची दृष्ट काढली आणि तीच मूठ टीव्हीवरूनही उतरवली. मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा हसून आले.

त्यांचं मॅच बघणं बघण्यासारखं असतं. पुढ्यात सुपात तांदूळ. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की त्या खडे वेचतात, अलीकडं आला की सूप जिथल्या तिथं थांबतं. गोल कोणी केला याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. उलट कॅमेरा चेंडूमागं पळाला की त्या कॅमेरावाल्याला झापतात, की राखणदाराला एकट्याला टाकून हा तिकडं कायले गेला. एकदा क्लबानं राखणदाराला वर्षभरासाठी दुसऱ्या क्लबाला उसना दिला. नातीनं फोनवर ती बातमी वाचून दाखवली, तर विहीणबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "बैल देतेत हंगामापुरता," त्या म्हणाल्या, "मानूस कोन देते?" पुढं त्या उसन्या गावात तो तीन वर्षं पहिल्या नंबरचा गोलकीपर म्हणून उभा राहिला, तेव्हा कुठं त्यांचा राग उतरला. नवं धान आलं की त्या घरात नसलेल्या माणसांच्या नावानं एकेक पान वाढतात. त्यात एक पान इटलीला.

मग त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं नशीब बाकावर जाऊन बसलं. सहा वर्षं. दुसरा कोणीतरी उंच तरणा जाळीत उभा राही, आणि आमचा राखणदार कडेला जाकीट घालून बसे. संपूर्ण मॅचमध्ये कॅमेरा त्याच्यावर दोन सेकंद यायचा, फार तर तीन. त्या दोन सेकंदांसाठी या बाईंनी सहा वर्षांत एक मॅच सोडली नाही. त्यातच त्यांना मोतीबिंदू झाला. टीव्हीवर त्यांना नुसते रंगांचे डाग दिसत, तरी बसण्याच्या ढबीवरून त्या त्याला ओळखायच्या. ऑपरेशनची तारीख त्यांनी मॅचच्या पायी दोनदा मोडली.

या मे महिन्यात नातीनं बातमी आणली की राखणदार हंगाम संपल्यावर खेळ सोडणार. शेवटची मॅच शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख शनिवार सकाळ. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलेला, आता थांबू नका असं त्यांनी बजावलेलं. विहीणबाई तिसऱ्यांदा नाही म्हणायला लागल्या, तेव्हा मीच पुढं झाले. म्हटलं, सहा वर्षं बसला आहे तो, आज काय उठणार आहे? चला मुकाट्यानं. माझी जुनी मॅट्रिक अशा वेळी अजून डोकं वर काढते.

तर संध्याकाळी आमच्या घरी विहीणबाई एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यात धुकं घेऊन सतरंजीवर बसलेल्या, शेजारी मी. सोफ्यावर आता कपड्यांच्या घड्या बसतात. राखणदाराचा क्लब एका गोलनं पुढं होता. जिंकला तर वरच्या वर्गात राहणार, नाहीतर खाली ढकलला जाणार, शाळेसारखंच. शेवटची दहा मिनिटं उरली असतील, तो उंच तरणा गोलकीपर कोणावर तरी आदळला आणि लंगडत बाहेर निघाला. नात किंचाळली. बाकावर कोणीतरी जाकीट काढत होतं.

सहा वर्षांनी उठला आणि आजच उठला, माझ्यामुळं यांचा डोळा बांधलेला असताना.

विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "आता तुमी पाहा, इहीनबाई. अन मले सांगा."

मी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल नीट बघितला. आणि दिसलं काय, तर काहीच नाही. चेंडू सगळा पलीकडं. हा उभा. एक मिनिट झालं, उभा. तीन झाली, उभा. मनगट आवळलं जात होतं. मला ते सोसवेना. मी म्हटलं, यांना एवढं तरी मिळू दे, आणि दिलं ठोकून: आला, आला चेंडू, राखणदारानं डावीकडं असा सूर मारला की काय सांगू, हवेतच झेलला.

मनगटावरची पकड सुटली.

"डावा खांदा कापलेला मानूस डावीकडं उडत नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगा बाई. उभा आहे त उभा आहे म्हना. कसा उभा आहे तेवढं सांगा."

नात माझ्याकडं बघून हसली, अगदी मी पदरात हसायची तशी. मी घसा साफ केला आणि खरं सांगायला लागले. उभा आहे. हात मांड्यांवर. पुढच्या पोरांना ओरडून काहीतरी सांगतो आहे. आता दोन पावलं उजवीकडं. आता कोपऱ्यातून चेंडू मारणार आहेत, सगळा गाव त्याच्यापुढं जमला आहे.

"बॉलकडं पाहू नका. त्याचे पाय पाहा."

पाय? मी पुढं सरकले, टीव्हीला नाक लागेपर्यंत. उजवा पुढं. डावा टाचेवर. अजून हलला नाही. विहीणबाई, चेंडू उडाला, हा अजून हलला नाही. हलला! निघाला, त्या गर्दीतून आरपार निघाला, वर गेला, दोन्ही हात, धरला, पडला, अहो पोटाशी धरून पडला आहे, त्याच्यावर चार जण पडले, सोडला नाही, सोडला नाही! शिट्टी वाजली तेव्हा मी उभी होते आणि माझा पदर कुठं होता मला माहीत नाही. नात आम्हा दोघींभोवती नाचत होती. विहीणबाई तेवढ्या बसून होत्या, दोन्ही हात पोटाशी.

"सोडला नाही ना?" त्यांनी हळूच पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं.

सकाळी दवाखान्यात पट्टी निघाली. घरी आल्यावर नातीनं फोनवर तीच दहा मिनिटं लावून दिली. विहीणबाईंनी फोन हातात धरून सगळं बघितलं. शेवटी राखणदार हातमोजे काढून मैदानाला हात करत होता, तिथं त्यांनी नातीला चित्र थांबवायला सांगितलं.

"याचे केस पांढरे झाले," त्या म्हणाल्या. "तुमी मले सांगतलं नाही."

मी म्हटलं, तुम्ही पाय बघायला सांगितले होते.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मान वर केली आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, जसं त्या सुपातले तांदूळ बघतात. किती वर्षांनी बघत होत्या कोण जाणे. मग माझ्या कानामागं सुटलेली एक बट उचलून त्यांनी आपल्या हातानं माझ्या अंबाड्यात खोचली, आणि नातीला म्हणाल्या, चहा ठेव.