बघितलेलंच लिहायचं

वडील रात्रपाळी करून आले की दुपारभर झोपत, आणि तेव्हा आमच्या घरात चमचा वाजवायचीसुद्धा बंदी असे. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळ्यांचीच ही तऱ्हा. म्हणून ज्या घरचा बाप जागा, त्या घरी पोरांनी गृहपाठाला बसायचं, असा सत्तरच्या दशकातला आमचा रिवाज होता.

मी सातवीत होते. माझ्या वाट्याला बहुधा वर्गमैत्रिणीचं घर यायचं. तिचे वडील पॉइंट्समन होते, नोकरी सांभाळून बाहेरून मॅट्रिक झालेले. ती त्यांना आण्णा म्हणायची, मी मामा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली अंथरलेलं पोतं आणि त्यावर आम्ही दोघी पालथ्या. मामी भाकरीवर खरडा देत. तो खाऊन मी पाण्यासाठी नाचू लागले की मायलेकी पोट धरून हसत. इतकं सुखाचं शिक्षण मला पुढं कॉलेजातही मिळालं नाही.

मामांची पद्धत मात्र छळवादी होती. परिच्छेदातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवून ते विचारत, "हे तू बघितलंस का?" धर्मावरच्या धड्याला मी 'सर्व धर्म प्रेम शिकवतात' असं ठोकून दिलं, तर म्हणाले, "कुणी कुणावर केलेलं बघितलंस, त्येवढंच लिव." शेवटी आमच्या लाइनीतल्या ख्रिस्ती नर्सबाईंनी मुसलमान फिटरच्या बाळंतीण बायकोला आठवडाभर डबा पुरवला होता, ते लिहिलं. बाकीच्या पोरी गाइडातून उतरवून केव्हाच लगोरी खेळायला पळालेल्या. मला असा राग यायचा!

मग नागरिकशास्त्राचा प्रश्न आला : 'समता म्हणजे काय? आपल्या घरातील उदाहरण द्या.' व्याख्या तोंडपाठ होती. उदाहरणापाशी घोडं अडलं. आमचं मूळ गाव शिरूरकडचं, शेतीवाडीचं. तिथल्या चालीरीती आईनं जशाच्या तशा क्वार्टरात आणल्या होत्या. मैत्रीण आली की बाहेरच्या ओट्यावरच थांबायची. आई तिच्याशी गोड बोलायची आणि पाणी वरून, ओंजळीत घालायची. मी ते रोज बघत होते आणि मला त्यात काही खटकत नव्हतं, याची आज लाज वाटते. त्या दिवशी मात्र खटकलं. मी लिहून टाकलं : 'माझी मैत्रीण आमच्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसून जेवते.'

मामांचं बोट त्या वाक्यापाशी येऊन थांबलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढच्या ओळीत एक स्वल्पविराम दिला आणि वही परत केली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो परिच्छेद वर्गात वाचून दाखवला आणि कौतुकानं मैत्रिणीला उभं केलं. "खरंय का गं?"

"व्हय बाई," ती म्हणाली. "लई येळा जेवलेय."

घरी येताना मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? आमच्या आण्णांनी तपासलेली वही हाय ती." थोडं चालल्यावर म्हणाली, "आन् बोलवशील की तू कवातरी."

ती चिडली असती तर परवडलं असतं. आईला विचारायचं मी रोज ठरवायचे आणि रोज कच खायचे. असं करता करता वर्ष संपलं आणि वडिलांची बदली झाली.

सामान हलवायच्या दिवशी माणसं कमी पडली, तेव्हा आईनं तिला पहिल्यांदा आत हाक मारली. पिठाचा डबा धरू लागायला. स्टोव्ह, भांडी, पाट, सगळं बांधून झालं होतं. त्या रिकाम्या स्वयंपाकघरात ती उभी राहिली, चहूकडं बघितलं आणि मला हळूच म्हणाली,

"हितं बसून जेवतो व्हय आपण?"

ती हसत होती. मला तिच्याकडं बघवेना.