सुईआत्याने निवडलेलं म्युझियम

लिही. माझ्या थोरल्या नणंदेचं लिही, तुझ्या बापाच्या आत्याचं. सगळे तिला सुईआत्या म्हणायचे, तेच घाल. मी मात्र वन्संच म्हणत आले, मला दुसरं तोंडात बसत नाही.

वन्सं रफू करायच्या. तुझ्या आजोबांचं शिलाईचं दुकान होतं ना, त्याच्या दाराशी त्यांचं स्टूल असायचं. उजेडासाठी. कोटाला विडीने भोक पडलं, शालीला कसर लागली, की लोक यांच्याकडे यायचे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतनं धागे उपसायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत बसायचं. झालं की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारायचं, "भोक होतं कुठे?" वन्सं म्हणायच्या, "मला काय माहीत, तुम्हीच शोधा." तीच त्यांची शाबासकी.

आतनं धागा निघाला नाही, तर बाहेरचा लावावा लागतो. तो निवडायची त्यांची एक रीत होती. काळा कोट असला, की काळे धागे सगळे त्यावर शेजारी शेजारी मांडायच्या. तू म्हणशील काळा तो काळा. तसं नसतं, बाई. काळ्यातही निळसर असतो, तांबूस असतो. मग रस्त्याकडे तोंड करून जरा बसायच्या आणि एकदम वळून बघायच्या. जो धागा नजरेला सापडायचा नाही, तो घ्यायच्या. "दिसला तो नापास," म्हणायच्या.

असा जन्म गेला. लग्न झालं नाही. स्टुलावर त्यांना त्यांच्या वडलांनी बसवलं, चष्मा भावाने आणला, लुगडी मी घ्यायचे. कशालाही कधी नाही म्हणाल्या नाहीत. आणि त्यांचं जग केवढं, तर नाकापासून वीतभर.

मग डोळे गेले. डावा आधी गेला, कुणाला सांगितलं पण नाही त्यांनी. उजव्याने ओढत होत्या. तो पण धूसर झाला तेव्हा तुझ्या बापाने आम्हा दोघींना शहरात बोलावून घेतलं. तो तेव्हा टॅक्सी चालवायचा. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "ऑपरेशन परवा करू. नजर राहील की नाही, शब्द देत नाही."

मधला दिवस मोकळा. टॅक्सीत येऊन बसलो. मग वन्संच म्हणाल्या, "अरे, या शहरात म्युझियमं असतात म्हणे."

"ढिगाने आहेत, आत्या."

"उद्या मला एक दाखव. पुढे काळोख झालाच, तर आत ठेवायला काहीतरी हवं ना."

तुझा बाप म्हणाला, "एक कशाला, चार बघू."

"चार नको. चार बघितली की एकही राहायचं नाही. एकच. पण ते मी निवडणार."

आता हे नवीनच! मी निवडणार, असं त्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्रभर तुझा बाप डोकं खात होता. चित्रांचं म्युझियम सगळ्यात नावाजलेलं. जुन्या इंजिनांचं त्याला स्वतःला आवडायचं. तलवारींचं एक होतं. आणि जुन्या कापडांचं. मी म्हटलं, वन्संना कापडांचंच दाखव, त्यांच्या हातातलं काम. तर वन्सं मला म्हणतात कशा, "वहिनी, माशाला पाणी दाखवायला नेतेस काय?"

सकाळी टॅक्सीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला सगळ्यांच्या दारापर्यंत ने. दारात उभी राहून आत बघेन. जिथे मला माझी आठवण राहणार नाही, तिथे आत जायचं."

"आत्या, म्युझियमं आहेत ती, धागे नाहीत."

"मग दुसरं काय निवडलंय रे मी आजवर? येतं तसंच निवडणार."

निघालो. चित्रांचं म्युझियम म्हणजे राजवाडाच. दारातनं लांबलचक दालन दिसत होतं, सोनेरी चौकटी नुसत्या लखलखत होत्या. मी तोंड उघडं टाकून उभी. वन्संनी बघितलं, चांगलं बघितलं आणि म्हणाल्या, "पाय दुखतात माझे. चला." म्हणजे पाय आठवले. नापास! इंजिनांच्या दारात माणसाहून उंच चाक होतं. ते आवडलं त्यांना, पण तहान लागली. तलवारींच्या दारात उद्याची भीती वाटली. तुझा बाप गाडी वळवता वळवता माझ्या कानाशी म्हणाला, "आई, पेट्रोल जाळून आपण फक्त दारं बघतोय."

"गप चालव," मी म्हटलं. खरं तर मला पण तसंच वाटत होतं.

कापडांचं वाटेत लागलं म्हणून थांबलो. तिथे दारातच भिंतभर गालिचा टांगलेला, हरणं विणलेली. मी तिकिटाचं विचारतेय तोवर मागनं आरडाओरडा. बघते तर वन्संनी गालिच्याचा कोपरा उचलून आत डोकं घातलेलं!

"अहो बाई! हात लावायचा नाही!" पहारेकरी धावत आला.

"हात कुठे लावतेय? पाठ बघतेय," आतनं आवाज आला.

तो बिचारा बावचळला. आम्ही माफी मागून त्यांना बाहेर आणलं. तुझ्या बापाचं तोंड लाल झालेलं. वन्सं आपल्या बोटांकडे बघत टॅक्सीत बसल्या. म्हणाल्या, "इथे हातच आठवले. हात जरा विसरू दे मला."

आता दुपार कलली होती. तुझा बाप वैतागून म्हणाला, "आता एकच राहिलं. प्राण्यांच्या हाडांचं. तिथे शाळेची पोरं जातात."

"चल," वन्सं म्हणाल्या.

तिथलं दार साधंच होतं. वन्सं उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आम्ही वाट बघत होतो, आता पाय म्हणतील, पाणी म्हणतील. काहीच म्हणेनात. मी तुझ्या बापाला खूण केली, आम्ही दोघं तिकिटांना वळलो. तिकिटं घेऊन बघतो, तर दारात वन्सं नाहीत.

माझं धाबं दणाणलं. एका डोळ्याची बाई, तीही धूसर. तुझा बाप "आत्या, आत्या" करत आत पळाला, मागनं मी. आणि आत पाऊल टाकलं मात्र, मी थांबलेच. वन्संना शोधायचं विसरले, खोटं कशाला सांगू.

वर देवमासा होता गं. सबंध. नुसती हाडं, छताला तारांनी टांगलेली. एक जबडा आपल्या या खोलीएवढा. बरगड्या कशा, तर एखादं मोठं जहाज उलटं टांगावं तशा. मागे मणके, एकापुढे एक, लहान लहान होत पार त्या टोकाला गेलेले. छताला काचा होत्या, त्यातनं ऊन बरगड्यांतून खाली येत होतं आणि खालच्या माणसांवर सावलीचे पट्टे पडले होते. पोरं होती, पण ओरडत नव्हती. मला वाटलं, हे जिवंत होतं. हे पाण्यात फिरत होतं, श्वास घ्यायला वर येत होतं, आणि त्याच वेळी आपण कुठेतरी भांडी घासत होतो. कुणी सांगितलंच नाही आपल्याला!

तुझ्या बापाने दंडाला धरून दाखवलं. वन्सं खाली होत्या. अगदी मधोमध, फरशीवर, उताण्या पडलेल्या. मला वाटलं चक्कर आली. धावले.

"वन्सं! काय होतंय?"

"वहिनी, शू. उजेड अडवू नकोस."

एवढ्या वर्षांत मला कधी शू म्हणाल्या नव्हत्या. डोळा टक्क उघडा होता, पाणी कानात ओघळत होतं, पुसत पण नव्हत्या.

"केवढं गं," म्हणाल्या. "आणि मी वीतभर बघत बसले."

मला काय झालं कोण जाणे, मी पण शेजारी आडवी झाले. खालनं ते आणखी मोठं होतं. आकाशच हाडांचं.

तुझा बाप वाकून कुजबुजला, "आई, उठा ना, लोक बघतायत."

"बघू देत. म्युझियमच आहे," मी म्हटलं.

बंद व्हायची घंटा झाली तेव्हा उठलो. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आत नेताना मी त्यांचा हात धरला, तर हात गरम, शांत.

पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं धरली समोर. वन्संना मोजता येईनात. पुस्तक दाखवलं, नुसता राखाडी डाग. म्हणजे सुई गेली. कायमची. मी तोंड फिरवलं, तुझा बाप बाहेरच गेला.

वन्सं खिडकीकडे तोंड करून बसल्या. धागे मांडल्यावर बसायच्या ना, अगदी तशा. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, तिकडे काय आहे ते? पांढरं?"

"ढग आहे, वन्सं."

"दिसतोय मला." त्यांनी हात वर केला, वीतभर नाही, पुरा लांब केला, आणि त्याच्या कडेकडेने फिरवत नेला. "बारीक तेवढं गेलं बघ. मोठं सगळं राहिलंय."