हळदीत गेलेला चेंडू

मिलिंद गेल्याची बातमी मला पुण्याहून आली. तो कुरुंद्याचा, मी कुरुंद्याचा, त्याचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. आणि फोन पुण्याहून! त्या सकाळी मी वसमतला मोंढ्याच्या बाजारात गेलो होतो. "मास्तर, सबनीस बोलतोय. मिलिंद गेला हो... पहाटे, झोपेतच." सबनीस म्हणजे मिलिंदचा नोकरीतला मित्र. दोघांचं रोज सकाळी फोनवर बोलणं व्हायचं. त्या दिवशीही त्यांनी फोन लावला, तो मिलिंदच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी उचलला आणि सबनीसांना माझ्याआधी कळलं. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत, पण मला त्या क्षणी रडू आलं नाही. मस्तकात तिडीक गेली. माझ्या मित्राच्या मरणाची खबरसुद्धा याच माणसानं मला द्यावी?

शाळेत मी आणि मिलिंद एका बाकावर. पुढं तो इंजिनीअर होऊन संरक्षण खात्यात गेला, मी गावातच भूगोलाचा मास्तर झालो. पुण्याच्या छावणीत असताना सबनीसांनी त्याला गोल्फ शिकवला. निवृत्त होऊन तो गावी परतला तो खांद्यावर ही भलीमोठी लांबोडकी पिशवी घेऊन. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलंच, "काय साहेब, बोअरचं सामान आणलं व्हय?" मिलिंद नुसता हसला. त्यानं वडिलांच्या रानात हळद लावली आणि हळद वाळवायच्या खळ्यावर रोज संध्याकाळी काठी फिरवायला लागला. मी बांधावर बसून बघायचो. ती पिशवी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिच्यातलं काहीच माझ्या ओळखीचं नव्हतं, सगळं सबनीसांचं होतं.

चेंडू काळ्या मातीत पडून पार मळायचे. एका वर्षी हळद पॉलिश करायचा ड्रम खळ्यावर आला होता. मिलिंद म्हणाला, "मास्तर, वाळलेली हळद यात घासून चकचकीत व्हती, मग चेंडू काहून होनार न्हाईत?" इंजिनीअर माणूस, कोण अडवणार? दिले टाकून हळदीबरोबर. ड्रम थांबला आणि बाहेर आले ते बुंदीचे लाडू! पिवळेधमक. साबण लावला, सोडा लावला, रंग काही हटेना. आम्ही पोट धरधरून हसलो. आणि माझं हसू ओसरायच्या आत यानं खिशातून मोबाइल काढून सबनीसांना व्हिडिओवर ते लाडू दाखवले. मला वाटलं होतं, ही गंमत तरी आमच्या दोघांची राहील...

मग मिलिंद आणि सबनीसांचं इटलीला जायचं खूळ निघालं. तिथं तोस्काना नावाच्या भागात टेकड्यांवर द्राक्षांचे मळे आहेत, मळ्यांच्या मधोमध गोल्फची मैदानं, आणि राहायला जुनी दगडी शेतघरं. सकाळी खेळायचं, दुपारी मळ्यातल्या तळघरात वाइनची चव घ्यायची, संध्याकाळी पुन्हा खेळायचं. जेवणं झाली की मिलिंद माझ्या ओट्यावर नकाशा उघडून बसायचा. "मास्तर, सप्टेंबर बरा का ऑक्टोबर?" मला सगळं पाठ. भूमध्य सागरी हवामान, कोरडा उन्हाळा, हिवाळी पाऊस, द्राक्षं आणि ऑलिव्ह... जन्मभर पोरांना हेच शिकवलं. मी सांगायचो, सप्टेंबरात तोडणी असते, गर्दी असेल. ऑक्टोबरात पानं तांबूस होतात. कुठून कुठं जायचं, कुठल्या गावी किती मुक्काम करायचा, सगळं मी आखून द्यायचो. म्हणजे बघा, ठरवायला मी आणि जायला सबनीस!

मी त्याला कधी म्हणालो नाही की मलाही ने. का म्हणून म्हणावं? उलट तोंडानं सारखं हेच, "आमाला काय करायचंय बाबा तिथं, पिणाऱ्या लोकांत." आणि एकीकडं गुपचूप नांदेडला जाऊन पासपोर्ट काढून आणला. त्यानं नुसतं "चल" म्हणायचा अवकाश होता. दोन वर्षं तो पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात घेऊन मी त्याच्यापुढं बसत होतो. तो म्हणाला नाही.

आमची शेवटची भेट खळ्यावरच झाली. हळदीचा पाला वाळायला लागला होता. त्यानं पुन्हा तेच काढलं, सप्टेंबर का ऑक्टोबर, आणि माझा बांध फुटला. "मला काहून इचारून राहिलास? जा की तुझ्या सबनीसला घेऊन!" त्यानं पिशवीतून एक काठी काढली, माझ्या हातात दिली. "धर. इतकं आवळू नको रे, इळा हाय का तो? कोंब फुटलेलं बेणं धरल्यावानी धर." पहिल्या खेपेला नुसती माती उडाली. दुसऱ्या खेपेला असा काही टोला बसला म्हणता, चेंडू बांधावरून थेट हळदीत! "गेला की रे!" मिलिंद लहान लेकरासारखा ओरडला. "मास्तर, तयार झालास तू."

"कशासाठी तयार?"

"आधी चेंडू सापडू दे. मग सांगतो."

दिवस मावळेपर्यंत आम्ही सऱ्यांमधून वाकून फिरलो. पिवळ्या पाल्यात पिवळा चेंडू, कुठला सापडतोय! "उद्या बघू," तो म्हणाला. उद्या पाहुणे आले, परवा त्याला कणकण होती... आणि मग पुण्याहून तो फोन.

मिलिंदच्या जलदान विधीला सबनीस आले. मी त्यांना ओळख दिली नाही, तर स्वतःहून शेजारी येऊन बसले. आवाजात घुस्सा होता. "तुमच्यामुळं माझा दोनदा इटलीचा बेत बुडाला, मास्तर. मी म्हणायचो तिकिटं काढू, हा म्हणायचा, थांब, मास्तरला अजून काठीची गोडी लागली नाही. न खेळता आला तर दिवसभर एकटा बसेल, आणि मग जन्मभर माझ्याशी बोलणार नाही."

"मला कधी एका शब्दानं म्हणाला न्हाई तो."

"विचारलं की तुम्ही नाहीच म्हणणार, असं त्याचं मत होतं. आधी खेळायला लागू दे, म्हणायचा. पुण्यात समोर मी बसलेलो असायचो, आणि याचं चाललेलं असायचं मास्तर, मास्तर."

त्यांचा चेहरा बघितला. अरे, हा माणूस माझ्यावर जळत होता! इतकी वर्षं, माझ्यासारखाच. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आणि मग तिथंच, सगळ्या पाहुण्यांत, मला रडू फुटलं. सबनीसांनी पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला नाही.

सध्या मिलिंदच्या रानात हळदीची काढणी चालू आहे. मी रोज जातो. कंद वेचणाऱ्या बायांना सांगून ठेवलंय, गोल, कडक असं काही लागलं तर मला हाक मारा. त्या हसतात. "मास्तर, पिवळ्यात पिवळं कसं हुडकावं वो?" वहिनींनी ती काठी माझ्याकडं दिली आहे. मी खळ्यावर उभा राहून ती फिरवतो. बेणं मोडणार नाही इतपत धरायला आता जमतं.

आणि सबनीस आता रोज सकाळी मला फोन करतात. "काय मास्तर, सप्टेंबर की ऑक्टोबर?" पासपोर्ट खिशातच असतो. पण मी त्यांना म्हणतो, थांबा, अजून निम्मं रान काढायचं राहिलंय. आधी चेंडू सापडू दे.