भिंती हलवणारा पहिला संच

नव्या माणसाला नाव काय, गाव कोणतं, असं दणकाभाऊंनी कधी विचारलं नाही. ते ड्रमच्या मागून मान न हलवता विचारत, "कोनं पाठवलं तुले?" समोरचा गिटारवाला असो की चहाची किटली घेऊन आलेला कँटीनवाला, त्याला कोणीतरी पाठवलेलंच असणार आणि त्यामागे काहीतरी काळंबेरं असणारच, याबद्दल भाऊंना तिळमात्र शंका नसे. बाकी सगळ्या बाबतींत शंकाच.

भाऊ घुग्घुसच्या कोळसा खाणीत बारूदवाले होते. खाली खाणीत कोळशाला भोकं पाडायची, त्यांत बारूद भरायची, शिट्टी मारायची आणि माणसं बाजूला झाली की उडवून द्यायची. ड्यूटीवर दणका आणि ड्यूटी सुटली की ड्रमवर दणका, म्हणून ते दणकाभाऊ. खाणीच्या कॉलनीतला 'खदान बॉईज' हा बँड त्यांनीच काढलेला. बॅनरवर पेंटरने 'रॉक बँड व ऑर्केस्ट्रा' असं रंगवलं होतं, कारण साहेबांच्या क्लबात आम्ही रॉक बँड असायचो आणि गणपतीच्या मांडवात ऑर्केस्ट्रा. भीमजयंतीला दोन्ही, आणि तेही बिदागी न घेता. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, चंद्रपूरला कॉलेजात असताना, मी त्या बॉईजमधली एकुलती एक मुलगी म्हणून गायला गेले. मलाही तोच प्रश्न. मी म्हटलं, "बाबांनी पाठवलं." भाऊ म्हणाले, "तुह्या बाबाले कोनं सांगतलं?"

आमच्या बँडला संच होते. खाणीतली माणसं बदलीची, आज इथे तर उद्या कोरब्याच्या खाणीत, त्यामुळे दर काही वर्षांनी ड्रम सोडून सगळं बदलायचं. पहिल्या संचात एक बंगाली सर्व्हेयर गिटारवर, केरळचा इलेक्ट्रिशियन बासवर, आणि इंग्रजी गाणी म्हणायला रेल्वेतला एक गार्ड. दुसऱ्या संचातले लोक मी पाहिले नाहीत, पण त्यांचे सगळे दोष मला पाठ आहेत. तिसरे आम्ही. सिरोंच्याचा राजन्ना गिटारवर, त्याचा एक शांत मित्र बासवर आणि मी. आमची आणि पहिल्या संचाची तुलना भाऊ रोज करत. "पैल्या संचात क्लबाच्या भिंती हालत. दुसऱ्यात खिडक्या हालत. तुमच्यात पडदाबी हालत नाई." बंगाल्याने गिटारला हात घातला की छपरातली कबुतरं म्हणे वर्धा नदीपलीकडे जात. आमच्या वेळी ती बसल्या जागी डोळे मिटत.

आम्ही वाईट वाजवतो असं मात्र त्यांचं म्हणणं नव्हतं. ते असतं तर परवडलं असतं. "तुमी वाजवता चांगलं," ते म्हणत, "पन दाबून वाजवता. कोनाच्या सांगन्यावरून दाबता, थे मले समजून राह्यलं आहे." त्यांच्या मते चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने आम्हाला फितवलं होतं. बँड हळूहळू गार पडावा, लोकांनी बोलावणं बंद करावं आणि सगळ्या सुपाऱ्या त्याच्याकडे जाव्यात, असा तो डाव. त्या गृहस्थाने आमचं नावही ऐकलं नसेल.

मग त्यांनी बंदोबस्त सुरू केला. अँप्लिफायरच्या आवाजाच्या बटणाशेजारी वहिनींच्या नेलपॉलिशने लाल खूण केली. बटण त्या खुणेखाली कोणी आणायचं नाही. महिनाभराने त्यांनी पाहिलं, बटण खुणेवरच, पण आवाज त्यांना आणखीच उतरलेला वाटला. म्हणजे आतून काहीतरी केलं असणार. त्यांनी अँप्लिफायर पोत्यात बांधला, एसटीत मांडीवर घेऊन चंद्रपूरला नेला आणि मेकॅनिकच्या डोक्यावर दुपारभर उभे राहिले. मेकॅनिकने सगळं उघडून दाखवलं आणि म्हणाला, मशीन ठीक आहे. भाऊ परत आले ते मेकॅनिकचं नाव संशयितांत घालूनच.

संशय खरजेसारखा असतो, एकाच्या अंगावर राहत नाही. तालमीत मी राजन्नाच्या बोटांकडे पाहू लागले, खरंच हळू वाजवतो की काय. राजन्नाला वाटायला लागलं की भाऊंचे कान मीच भरते. बासवाला तर आधीच कमी बोलायचा, तो पार मुका झाला. चहाला आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत उभे राहत होतो आणि भाऊ भिंतीला पाठ लावून आम्हा तिघांवर एकदम नजर ठेवत होते. पाठ भिंतीला असल्याशिवाय ते कुठे बसतच नसत. मागून कोण कधी येईल याचा नेम नाही, म्हणत.

आणि तरी या माणसावर माझा जीव होता. बाहेरगावी कार्यक्रम असला की ट्रकमध्ये ते माझ्या आणि बाकी जगाच्या मध्ये बसायचे. गोंडपिपरीला एका मंडळाच्या अध्यक्षाने मला पुष्पगुच्छ दिला, तर भाऊंनी तो आधी स्वतः घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि मग मला दिला. माझ्या बाबांना लोक काहीबाही बोलायला लागले, तेव्हा भाऊ घरी येऊन सांगून गेले, "पोरगी माह्या नजरेखाली आहे." त्या नजरेबद्दल कॉलनीत कोणाचंच दुमत नसल्यामुळे माझं गाणं चालू राहिलं. मला मात्र ते म्हणायचे, "पोरी दगा नाई देत. लगन करतेत. आपलं नुकसान तेवढंच."

आमचा आवाज त्यांना कमी वाटायचा, म्हणून तेच जोर वाढवत गेले. पुढे पुढे गाणं ड्रमच्या खाली गाडलं जायचं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. गोंडपिपरीच्या शारदोत्सवात पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांत पदराची टोकं घातली. दुसऱ्या दिवशी तालमीत भाऊ आमच्याकडे पाठ करून, खाली वाकून ड्रमचे पेच आवळत होते. पेच आवळायचे असले तरच ते भिंत सोडत. राजन्ना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आता बस झालं बाई. एकतर भाऊ, नाईतर मी. वीज केंद्राच्या कॉलनीत एक पोरगा आहे, मस्त ड्रम वाजवतो. त्याले आणू." कुजबुजून नाही, रोजच्या आवाजात. मी घाबरून त्याचा हात दाबला. भाऊ तर आमच्यापासून चार हातांवर होते. पण त्यांनी मान वळवली नाही. राजन्नाने माझ्याकडे पाहिलं, मग जरा मोठ्याने हाक मारली, "भाऊ!" भाऊ पेच आवळत राहिले. जन्मभर ज्या कटाचा त्यांनी माग काढला, तो अखेर खरोखर त्यांच्या पाठीमागे शिजला होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आता ड्रम सोडा, हे त्यांना सांगायचं कोणी? माझ्यावरचा संशय त्यातल्या त्यात कमी, म्हणून मीच दुपारी त्यांच्या क्वार्टरवर गेले. मला बोलूच न देता त्यांनी ट्रंकेतून पहिल्या संचाची कॅसेट काढली. कुठल्याशा होळीच्या कार्यक्रमात भरलेली, वर्षानुवर्षं जपून ठेवलेली. "आयक. अन् मंग सांग, कोन दाबून वाजवते थे."

कॅसेट सुरू झाली आणि मी दचकून मागे सरले. टेप पूर्ण आवाजावर होता. शेजारच्या क्वार्टरमधलं बाळ रडायला लागलं. खरं सांगायचं तर पहिला संच चांगलाच बेसूर होता, पण आवाजाची काही कमी नव्हती. भाऊ मात्र कपाळाला आठ्या घालून टेपकडे पाहत होते. त्यांनी बटण फिरवून पाहिलं, ते आधीच शेवटाला होतं. मग वाकून कान टेपला लावला. मग दुसरा कान. "ह्या कॅसेटले कोनं हात लावला?" त्यांनी विचारलं.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कपबशी खाली ठेवली, टेप बंद केला आणि भाऊंच्या समोर बसून, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "कोनीच नाई लावला. सारी कॉलनी आयकून राह्यली. तुमालेच आयकू येत नाई. मी दोन सालांपासून सांगून राह्यली, तं तुमी म्हनता, मले कोनं शिकवलं."

भाऊंनी कॅसेट काढून हातात घेतली. मला वाटलं आता चिडतील, नाहीतर बँडचं काहीतरी काढतील. ते म्हणाले, "खाली शिट्टी मारली का मी कानोसा घेतो. कोनी मागं राह्यला असन तं ओरडन म्हनून." आणि मग, "ओरडला असता तं?"  मी ज्या कामासाठी आले होते ते बोललेच नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता ते खाणीच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. बारूद सुटली. त्यांना वर लॅम्परूममध्ये, खाली जाणाऱ्यांना डोक्यावरचे दिवे देण्याच्या कामावर बसवलं. ड्रमवरूनही ते आपणच उठले. राजन्नाला म्हणाले, "थ्या वीज केंद्राच्या पोराले आन." राजन्नाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्या पोराबद्दल भाऊंपाशी कोणीच काही बोललं नव्हतं. हा आपली जागा घेईल, या संशयाने भाऊंनी तो कधीचा हेरून ठेवला होता.

नव्या वर्षाच्या कार्यक्रमाला ते क्लबात पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले, पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. नवा मुलगा हलक्या हाताने आणि नेमका वाजवत होता. मी न ओरडता गायले. गाताना त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच. ते आमच्या हातांकडे आणि तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले. "कसा होता आजचा संच?" त्यांनी विचारलं. एवढी वर्षं हा निकाल तेच देत आले होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "चांगला होता, भाऊ."

"पैल्यापेक्षा?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण आयुष्यभर लोकांच्या तोंडावरचं खोटं शोधत फिरलेल्या माणसाला, आता त्याला ते शोधता येत नसताना, खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. "हो," मी ओरडले. माझे डोळे भरून आले होते. "पहिल्यापेक्षा चांगला."

ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

"तू म्हनतं, तं असन."