तत्रैव यांचं पुस्तक

चार दिवस माझी अशी ठाम समजूत होती की कोकणातल्या नाचणीवर सगळ्यात जास्त काम तत्रैव नावाच्या गृहस्थांनी केलं आहे.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला दोन पर्याय होते: संशोधन-निबंध लिहून द्यायचा, नाहीतर वर्गासमोर उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. मी निबंध घेतला. कारण सांगायची गरज नाही, पण तरी सांगते. वर्गात हजेरीला ‘येस सर’ म्हणतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. सरांनी एक अट मात्र आधीच सांगितली होती. किमान दहा संदर्भ, तेही नीट तपासलेले. एक जरी कमी भरला तरी निबंध परत आणि वीस मिनिटं वर्गासमोर.

विषय होता डोंगरउतारावरची नाचणी. विषय इथला म्हणून निबंध मराठीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी तिथे आठवड्यातून तीन तास. त्या तासांनी मला एक सवय लावली: अवघड शब्द आला की तो कुणाचं तरी नाव असणार असं धरून पुढे जायचं. दहातल्या आठ वेळा ते चालून जातं.

महाडच्या वाचनालयात एक जुनं जाडजूड पुस्तक मिळालं. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात टिपा. आणि त्या टिपांत जिकडेतिकडे ‘तत्रैव, पृ. ४५’, ‘तत्रैव, पृ. ५१’. दोन-चार लेखक एकेकदा येऊन जात, पण तत्रैव हटत नसत. पहिलं नाव नाही, आडनाव नाही. टोपणनाव असेल, असं मी ठरवलं. माझ्याकडे नऊ संदर्भ झाले होते. दहावे तत्रैव. फक्त त्यांच्या पुस्तकाचं नाव हवं होतं.

वाचनालयातले काका मला शाळेपासून ओळखतात. मी त्यांच्याशी शक्यतो चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहूनच बोलते. त्या दिवशीही लिहिलं: ‘तत्रैव यांची सर्व पुस्तकं.’

काकांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. चेहरा अगदी सरळ.

“सर्व हवीत?”

मी मान हलवली.

“तत्रैव ना. ते तिथंच असतात.”

“तिथं म्हणजे कुठे?”

“आधी जिथं होते तिथंच. हलत नाहीत ते.”

मी शेतीच्या कपाटाकडे गेले. वरपासून खालपर्यंत शोधलं. मग इतिहास. मग, का कोण जाणे, आरोग्य. अर्ध्या तासाने परत आले तर काका वर्तमानपत्राआड होते आणि वर्तमानपत्र हलत होतं.

“नाही मिळालं,” मी म्हटलं.

“बाई, तू ज्या पुस्तकात त्यांना भेटलीस ते आण इकडे.” त्यांनी पान उघडलं आणि टिपांवर बोट ठेवलं. “ही तेरावी टीप वाच. आता चौदावी. आता दोन्ही एकदम.”

तेराव्या टिपेत एका लेखकाचं पूर्ण नाव, पुस्तक, वर्ष, पान. चौदावीत ‘तत्रैव’. मी तीनदा वाचलं. तत्रैव म्हणजे तिथेच. त्याच पुस्तकात.

“मला सांगायचं ना, काका.”

“सांगत होतो की. पहिल्या वाक्यापासून.”

कान तापले होते. पण खरी अडचण घरी जाताना लक्षात आली. तत्रैव वारले होते, आणि माझ्याकडे नऊच संदर्भ उरले होते. सोमवारी निबंध द्यायचा होता.

रविवारी सकाळी पोलादपूर गाठलं आणि तिथून जीपने कुडपण. बाबांची चुलत बहीण तिथे नाचणी करते. मी वही काढून अंगणात बसले आणि पुस्तकात वाचलेलं आत्याला वाचून दाखवलं, की रोपं ओळीत, ठरावीक अंतरावर, उभी लावावीत.

“कुणी लिवलंय गो?”

मी लेखकाचं नाव सांगितलं.

“त्याला म्हणावं ये हितं. त्या उतारावर दोरी धरून हुबा ऱ्हा.” तिने हातानेच डोंगर दाखवला. “आमी नाय लावत हुबी. नांगराच्या तासात, त्या चरीत, आडवी टाकत जायची. पावसानं आपली आपण उठतात.”

“सगळी?”

“उठायची ती उठतात. तू नाय का, सकाळी दहाला उठतेस.”

दुपारपर्यंत वही भरली. दहावा संदर्भ: मुलाखत, आत्याचं पूर्ण नाव, कुडपण, तारीख. आणि त्याच्यापुढच्या अकरा टिपांत मी ऐटीत लिहिलं, ‘तत्रैव’.

सोमवारी सरांनी सगळ्यांसमोरच एकेक निबंध चाळायला घेतला. माझा हातात घेऊन ते सूचीवर बोट फिरवत दहापर्यंत मोजत गेले. मग टिपा.

“हे तत्रैव फार आहेत. अर्थ माहीत आहे ना, की कुठून उचललंय?”

“माहीत आहे, सर.”

“कसा कळला?”

इथे ‘शब्दकोशात बघितला’ एवढं पुरलं असतं. मी तेच म्हणणार होते. पण काकांचं हलणारं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू फुटलं. मग सांगावंच लागलं. चिठ्ठी, आरोग्याचं कपाट, तत्रैव यांचं निधन, सगळं. शेवटच्या बाकावरून कुणीतरी “मोठ्याने बोल” म्हणालं आणि मी खरंच आवाज वाढवला. बसले तेव्हा घड्याळ बघितलं. बारा मिनिटं झाली होती. सरांनी निबंध ठेवून घेतला.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. तिच्याकडे रेंज यायला ती गोठ्यामागच्या दगडावर चढते.

“लिवलंस माझं नाव?”

“एकदा पूर्ण लिहिलं. पुढे अकरा वेळा तत्रैव.”

“त्ये काय?”

“म्हणजे तिथंच.”

“मग बरोबर हाय,” आत्या म्हणाली. “मी कुठं जातंय.”